खिडकीतल्या बाटल्या

तलावावर आठ बदकं आहेत, फायबरची.
एकाची मान तुटली होती, ती एम-सीलनं चिकटवली,
तेव्हापासून ते सारखं मागे वळून पाळीकडे बघतं.
तिकीट वीस रुपये, जॅकेट सक्तीचं.
ही माझी दहानंतरची नोकरी.

त्याआधीची कोणी दिली नाही.

साडेसहाला मी पाळीच्या उलट्या अंगाला उतरते,
बेशरमाच्या झुडपांतून,
जिथे फरशी नाही, बाकडं नाही,
'आय लव्ह चिचटोला' लिहिलेलं लाल बदाम नाही.
तिथे पायथ्याशी पाणी पाझरतं,
करंगळीएवढं.

तुडूम उघडायचं काम माझ्या बापाकडे होतं.
म्हणायचा, पाळ पाझरतेच, पोरी. मातीची आहे, काचेची थोडी आहे?
पाझरू दे.
फक्त पाह्यत जाय,
पाणी एकलंच येते का माती घेऊन येते.

म्हणून ही बाटली. खोकल्याच्या औषधाची, काचेची, धुतलेली.
भरायची, सूर्याकडे धरायची,
मागे अंगठा ठेवायचा.
अंगठ्यावरच्या रेषा मोजता आल्या
की चिकटपट्टीवर तारीख लिहून बाटली खिडकीत.
लोक विचारतात, गंगाजल का?
एका नागपूरच्या पोरानं भावही विचारला.

उन्हाळ्यात कापगते साहेब आले होते.
वरून चालले, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि लिहिलं: स्थिती समाधानकारक.
खाली उतरले नाहीत. बूट नवे होते.
खेकड्यांची बिळं खाली आहेत.
वर समितीनं लावलेले अकरा गुलमोहर आहेत, सावलीसाठी.
झाडाला काय माहीत आपण कशावर उभे आहोत.
त्याला तहान लागते, ते मूळ पाठवतं.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी
अंगठा दिसला,
रेषा दिसल्या नाहीत.

बाटली पुन्हा धुतली. पुन्हा भरली.
मग चष्मा पुसला.
मग खिडकी लावून घेतली.

पुस्तोडे अध्यक्ष आले, मागे पोरं, पोरांच्या हातात
गोंडे लावलेले लाकडी नंदी.
"अंगठ्यासाठी बोटिंग बंद? काऊन वो, शकुनबाई?"
मला इंजिनियरचे शब्द येत नाहीत.
मी बाटली पुढे केली.
ते म्हणाले, "चहा पातळ झाला."
सगळे हसले. मीही हसले असेन.

दुपारी ढिवरांच्या रूपचंदनं बुडी मारून
तुडुमाचे वरचे दोन गट्टे काढले,
माझ्या सांगण्यावरून, हे लिहून ठेवा.
तीन दिवस पाणी जात राहिलं.
इसनभाऊची खालची बांधी बुडाली,
तो अजून माझ्याशी बोलत नाही.
बदकं चिखलावर बसली,
त्यांची पोटं नारिंगी आहेत हे तेव्हा कळलं.

पाळ फुटली नाही.
आता मी खरी होते का खोटी
हे कुणाला विचारू?
फुटली असती तर सगळ्यांनाच कळलं असतं,
म्हणजे उरलेल्या सगळ्यांना.

समितीनं माझा महिन्याचा पगार कापला.
दिवाळीआधी ट्रॅक्टरभर मुरूम आला,
कोणी मागवला, कोणी सांगत नाही.
पायथ्याशी पसरला. धार अजून आहे,
करंगळीएवढीच. रेषा दिसतात.

त्या दिवशीची बाटली खिडकीतच आहे.
आता तीही इतरांसारखी नितळ,
तळाशी फक्त नखाएवढा थर,
मऊ, पिवळसर.
तेवढी पाळ पाळीत नाही, माझ्याजवळ आहे.

पुसायला घेते तेव्हा हळूच उचलते, हळूच ठेवते.
कापगते साहेब पुन्हा आले
तर त्यांच्यासमोर हलवीन.