इतर (नमूद करा)

एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली,
आधी ट्रंक, मग चौकशी.
कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची भिंत.
पलीकडे कोण आहे ते नुसत्या श्वासावरून कळायचं:
सांगलीचा हळदीचा व्यापारी,
की लेकीच्या बाळंतपणाची खबर विचारायला
शेजाऱ्यांच्या घरी येऊन बसलेलं कुणी.

आता शर्वाणी गुंजाळ विचारते, काकू, हा कोण?
मी डोळे मिटून सांगते:
काठावरचा. लहान. घाईतला.
ती कागदावर लॅटिन नाव लिहिते.
मला अजून एकही नीट उच्चारता येत नाही.

महिन्यातून दोन शनिवार, रात्री आठ ते साडेदहा,
सुतारवाडीच्या मागे, थांबा क्रमांक चार.
पायात मुलाचे गमबूट, दोन नंबर मोठे.
टॉर्चवर लाल जिलेटिन कागद,
गेल्या गणपतीच्या मखरातला.
आधी दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं,
आपण आल्याचा गवगवा विरू द्यायचा.
मग पाच मिनिटं मोजायचं.
शून्य: कुणी नाही.
एक: सुटे सुटे आवाज, बोटांवर मावणारे.
दोन: एकमेकांत शिरलेले.
तीन: पंगत उठल्यावरचा मांडव.
हात लावायचा नाही, उचलायचं नाही, हलवायचं तर मुळीच नाही.
एक्स्चेंजचाही नियम हाच होता,
जोडून द्यायचं, मध्ये बोलायचं नाही.
तो मी एकदाच मोडला. ते इथे सांगणार नाही.

इरफान तांबोळी रिक्षा आणतो, मीटर न टाकता.
पहाटे त्याच रस्त्यावर तो चिरडलेले मोजतो.
दिवड एक, नानेटी एक, बेडूक सात,
आणि मग तळहात हवेत आडवा फिरवून
‘हे असे’, तीन.
ओळखू न येणाऱ्यांनाही फॉर्ममध्ये रकाना आहे.

पहिल्या वर्षी चार नंबरला तीन होता.
यंदा जूनमध्ये गेलो तर पत्र्याचं कुंपण,
पत्र्यावर छापलेलं तळं, तळ्यात हंस.
मला लिहवेना. रकाना मोकळा सोडला.
शर्वाणी रागावली नाही. म्हणाली,
काकू, मोकळा म्हणजे तुम्ही गेलाच नाहीत.
शून्य म्हणजे गेलात, ऐकलंत, आणि कुणी नव्हतं.

हे मला तिनं सांगावं!
‘नो रिप्लाय’ वेगळं, ‘लाइन डेड’ वेगळं,
नव्या पोरींना मीच शिकवायचे.
मग लिहीत गेले. जून शून्य, शून्य.
जुलै शून्य, शून्य.
शून्य काढायलाही हात बसावा लागतो.

ऑगस्टचा दुसरा शनिवार. काम संपलेलं, दहा पन्नास.
इरफान रिक्षा वळवत होता,
मी म्हटलं, इंजिन बंद कर.
पत्र्याच्या आतून, खालून, फार खालून
कुणीतरी लाकडावर टिचक्या मारतंय.
मग दुसरा. मग एक जाडसर घुमारा,
घागरीत तोंड घालून हाक मारावी तसा.
मग सगळेच.

वॉचमन औंढा नागनाथकडचा, मफलर कानांवरून घट्ट.
‘रातभर कालवा करतेत, बाई.
साहेब म्हनले पंप लावा,
बुधवारी काँक्रीट हाय.’
त्यानं फट दाखवली.
दोन मजले खोल खड्डा, सळया उभ्या,
तळाशी गढूळ पाणी, आणि लाल उजेडात
पाण्यावर फुगे. फुगे नव्हेत, गळे.

गुडघ्यावर फॉर्म ठेवून लिहिलं.
ढग: पूर्ण. वारा: नाही. तीव्रता: तीन.
अधिवास: तळं, ओढा, विहीर, भातखाचर,
कशावरच खूण करता येईना.
इतर (नमूद करा):
बी विंग, लिफ्टचा खड्डा.
शेरा: बुधवारपर्यंत.

पेनचं टोपण लावेपर्यंत
इरफान वॉचमनशी हळू आवाजात बोलत होता.
मला सगळं ऐकू येतं, हे तो विसरतो.
विचारत होता, बादल्या किती आहेत.
मी मध्ये बोलले नाही.