गुडघ्यापासून पुढे

पाण्यात पडलं की पोहता येतं, म्हणतात.
झुवेना तेवीस वर्षं पाण्यात उभी आहे,
तिला पोहता येत नाही.

झांझिबारच्या पूर्व किनाऱ्याला
ओहोटी लागली की समुद्र कोसभर मागे सरतो
आणि बाया त्याच्या परसात उतरतात.
खुंट्या ठोकतात, दोऱ्या ताणतात,
दोरीवर वितीवितीनं शेवाळाचं एकेक बोट बांधतात,
कमरेतून वाकून, भेगांत मीठ घेऊन.
दीड महिन्यानं त्या बोटाची ओंजळ होते,
वाळते, पोत्यात जाते,
आणि लांबच्या कुठल्याशा देशात
कुणाच्या टूथपेस्टला घट्टपणा येतो.

पुरुष आधी हसले होते. गवत उपटायचं काम, बायकांचंच.
मग घरांवर पत्रे आले, पोरींना वह्या आल्या,
सेमेनीनं तर
आपला तलाक आपणच मागितला.

मग पाणी तापू लागलं.
झुवेनाच्या पोटऱ्यांना ते सगळ्यांआधी कळलं:
चुलीवरून उतरवून विसरलेल्या पेजेसारखं.
शेवाळ टोकाशी पांढरं पडलं,
आणि बाळंतिणीचे केस जावेत तसं
मुठीमुठीनं गळून गेलं.

साहेब थर्मामीटर घेऊन आले.
आकडा मिळाला त्यांना, बरोबरच होता.
म्हणाले, गार पाणी पुढे आहे, प्रवाळाच्या कडेला,
तिथे जगेल.

पुढे म्हणजे होड्यांचं पाणी.
होड्या पुरुषांच्या, पोहणंही.
बाईनं बुडण्याइतकं खोल जाऊ नये,
हे कुठे लिहिलेलं नाही
म्हणून खोडताही येत नाही.

शुक्रवारी, गाव कलंडल्यावर,
आठजणी अंगभर कपड्यांत गेल्या,
कमरेला तेलाचे रिकामे कॅन.
शिकवायला सेमेनीची धाकटी, वय अकरा,
भावांचं बघून चोरून शिकलेली.
"मावशी, पाण्यावर विश्वास टाक."
"विश्वासाचं राहू दे गं. हातांचं सांग."

हात असे. पाय असे.
नाकात खारट कळ, खोकला,
कांगा फुगून तोंडावर आलेला,
किझाला हसू आवरेना म्हणून ती दोनदा बुडाली.
आणि मग एकदा, तीन श्वासभर,
झुवेनाच्या पायांखाली वाळू नव्हती, खुंटी नव्हती,
आणि झुवेना होती.

खालचं पाणी गार होतं.
तिनं अंगठ्यानं चाचपलं,
नासलंय का बघावं तसं.
"इथं," ती म्हणाली,
आणि पुन्हा तोंडात पाणी गेलं.