आढळला नाही

मनपावरून भोसरीची बस. खिडकीपाशी जागा.
संस्थेचा थांबा सांगितला की
कंडक्टर एक क्षण माझ्याकडे बघतो,
मग सुट्टे मोजू लागतो.
आठ वर्षांत हा क्षण बराच आखूड झालाय.

संमतिपत्र चौदा पानांचं.
शबाना मुजावर परिच्छेद वाचून दाखवते,
थांबते, विचारते, "समजलं?"
समजलं. माझं पोटच वाचण्यावर आहे, बाई.
नारायण पेठेत, छापखान्याच्या माळ्यावर
तेवीस वर्षं लोकांच्या चुका शोधतोय.
सातव्या पानावर "सहभागि". पहिली वेलांटी.
मी लाल पेन मागतो. ती हसते:
"बदलायचं तर पुन्हा समितीपुढे. दोन महिने जातील."
मग राहू दे.
नवव्या पानावर एकही चूक नाही:
या अभ्यासातून आपणांस व्यक्तिशः कोणताही लाभ होणार नाही.
दोनदा वाचलं. चांगलं वाक्य आहे.
नकार जागच्या जागी.

डाव्या हातातून रक्त जातं, उजव्यात परत येतं,
मधल्या मधे यंत्र पांढऱ्या पेशी गाळून घेतं.
पिशवीत काहीतरी पिवळट, ताकाच्या निवळीसारखं.
ओठांना मुंग्या. कात्रजचं दूध, स्ट्रॉने.
तीन तास कोपर वाकवायचं नाही.
दुसऱ्या तासाला नाक खाजू लागलं.
नाक! बाकी सगळं मी गृहीत धरलं होतं.
शबाना उठली, बोलता बोलता खाजवून दिलं,
पुन्हा खुर्चीत बसली. हातमोजा नव्हता.

मोरेश्वरचं ताट त्याच्या घरी वेगळं घासायचे.

मोरेश्वर, तू म्हणायचास, दिवाळीनंतर बघू.
मग, बहिणीचं लग्न होऊ दे. मग मार्चएंड.
ताप यायचा, जायचा, तू कामावर जायचास.
तुझा कागद आला तेव्हा
औषध होतं, फुकट होतं, ससूनमध्ये होतं,
आणि तुझ्यात त्याला टेकायला जागा उरली नव्हती.
त्याच आठवड्यात मी बाही वर केली.
तुझ्यामुळे.
हे तुला सांगितलं की राहिलं, आठवत नाही.

डॉक्टर खांबेटे म्हणाल्या, "लागण ताजी आहे. गोळी आजच."
उद्या नाही, सोमवारी नाही. पाण्याचा पेला पुढे सरकवला.
तेव्हा नुसता गिळला. आता कळतं, माझ्या भाषेत:
चूक पहिल्या प्रुफातच धरली,
प्लेट व्हायच्या आत.
नाहीतर पाच हजार प्रती छापून, बांधून गावोगाव,
आणि मग चिकटवत बसा शुद्धिपत्र.

तरी थोड्या प्रती निसटल्याच.
म्हणून तर मी इथे, सुईला टांगलेला.
आठ वर्षं प्रत्येक अहवालात तेच: आढळला नाही.
आमच्या धंद्यात हे पक्कं माहीत असतं,
"नाही" वेगळं आणि "आढळला नाही" वेगळं.
एखाद्या पेशीत, आतड्याच्या घडीत
तो अंगाचं मुटकुळं करून पडलाय,
माझ्याच मजकुरात आपली ओळ घुसडून,
माझ्याच टायपात.
"तुमच्यात साठा लहान आहे," खांबेटे म्हणतात,
"लवकर सुरू केलंत ना. म्हणून तुम्ही हवेत."
शोधा. एका काना-मात्रेमागे
मीही रात्री घालवल्यात.
सापडला म्हणून मी बरा होईन असं नाही,
नवव्या पानावर आहे ते.
आणखी कुणीतरी होईल, ज्याचं नाव मला कळणार नाही,
ज्याला माझं कळणार नाही. पिशवीवर फक्त आकडा.

परतीच्या बसमध्ये दोन्ही कोपरांवर कापूस.
शेजारची मुलगी विचारते, "रक्तदान?"
"तसंच काहीतरी," मी म्हणतो.
ती सरकून मला जास्त जागा देते.

दहाला गोळी. संशोधन असो, नसो, ती चुकत नाही.
उद्या भूगोलाची प्रुफं यायची आहेत.
आणि ते "सहभागि".
पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतील म्हणे.