दोन टक्के

थंडर बेमध्ये, बंद पडलेल्या बँकेच्या वरच्या मजल्यावर
माझं ऑफिस. एक टेबल, तीन खुर्च्या,
आणि एक हीटर, जो कुरकुरतो पण चालतो,
माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांसारखा.

सकाळी आयला राउतिओची बेकरी.
वेलदोड्याचा गोड पाव हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे
हे मी तिला रंगीत तक्त्यात दाखवते.
ती मान डोलावते, मन लावून ऐकते.
शुक्रवारी पाव पुन्हा काचेमागे, वाफाळत.

दुपारी चर्चच्या तळघरात
अवजारं उसनी देणाऱ्या संस्थेची बैठक.
विश्वस्त सात जणी. पाच विणतायत, एक पेंगते,
आणि डॉर्कस मॅकविटी विचारते,
"अर्जात 'ध्येय' असं लिहिलंय, तिथे काय भरायचं?"
"उद्या तुम्ही नसलात तर कुणाचं काय अडेल, ते."
मग बराच वेळ नुसता सुयांचा आवाज.

माझा स्वतःचा हिशेब बुटांच्या खोक्यात असतो.
लोकां सांगे ब्रह्मज्ञान, पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पण मला सांगायचं होतं ते आर्विडबद्दल.
आर्विड सोडरहोम, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा.
पहिल्याच भेटीत मी त्याला म्हणाले होते,
बिलाच्या तळाशी छापून घ्या:
तीस दिवसांनंतर दोन टक्के व्याज.
त्यानं छापून घेतलं. ठळक अक्षरांत.
आणि कुणाकडूनही कधी घेतलं नाही.
"त्याची बायको आजारी आहे."
"त्याला यंदा मासळीच लागली नाही."
"तो माझ्याशी बोलत नाही, मग मागू कसा?"

तीन वर्षं आम्ही आकडे इकडून तिकडे हलवले,
अंथरुणात कूस बदलावी तसे.
नोव्हेंबरात, सरोवराच्या कडेला पहिला बर्फ धरला तेव्हा
मी वही मिटली आणि म्हणाले,
आर्विड, आता बंद करा.
कर्ज अजून घरापर्यंत आलेलं नाही. आत्ताच.

तो बराच वेळ हात पुसत राहिला.
हात स्वच्छच होते.

त्यानंतरचं काम चोख झालं:
बँकेची पत्रं, भाड्याचा करार, पोराचा शेवटचा पगार.
लेथ आणि पाने डॉर्कसच्या तळघरात गेले,
आता तिथे प्रत्येक पान्याला नंबर आहे.
फक्त माझं बिल राहिलं.
रोज उघडायचे. 'कामाचा तपशील' या रकान्यात
कर्सर लुकलुकायचा.
काय लिहू? दुकान बंद करवणे, दोन तास?

मार्चमध्ये टपालानं चेक आला.
रक्कम त्यानंच काढली होती, जुन्या दरानं,
खाली पेन्सिलीनं मांडलेला गुणाकार,
आणि त्याखाली:
उशीर झाला, अधिक दोन टक्के.

उभ्या आयुष्यात त्यानं हे व्याज
एकदाच लावलं, तेही स्वतःला.

दोन दिवस चेक टेबलावर होता.
तिसऱ्या दिवशी बँकेत भरून आले.
दुसऱ्या कुणी विचारलं असतं, तर मी हेच सांगितलं असतं.