सहभागी क्रमांक एकोणीस

बर्गनच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
मी पट्टे वाटते. सोबत चार्जर, बारा आठवड्यांची वही.
कुठला पट्टा खरा, कुठला नुसताच दिवा लावणारा,
मलाही ठाऊक नसतं.

आयविन रोसेहाउग, वय एकसष्ट,
बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
प्रोस्टेटच्या ऑपरेशनला अडीच वर्षं झाली, तेव्हापासून
बायकोच्या आधी झोपायचं, नाहीतर खूप नंतर.
हे त्याने खिडकीला सांगितलं, मला नाही.

आज वही परत आली, ग्रीसचे ठसे घेऊन.
ताठरता, एक ते पाच : सगळीकडे दोन.
एकदा तीन, खोडून पुन्हा दोन.
प्रामाणिक माणूस.

नवव्या आठवड्यात मात्र, समासात, वाकड्या अक्षरांत :
गुरुवारी नको तेव्हा पट्टा किंचाळला, बॅटरी संपली म्हणून.
सुनिवा हसली. मग मीही.
मग उठून पावाला चीज लावत बसलो दोघं
दोन वाजेपर्यंत.

ह्याला संगणकात रकाना नाही.
मी 'यंत्रातील बिघाड' उघडते,
तारीख भरते, वेळ भरते.
पुढचा प्रश्न :
बिघाड गंभीर होता का?