खालून दिसतं ते

सावद्यात माणसाचं मोजमाप केळीच्या खोडांत चालतं,
कुणाची पाच हजार, कुणाची बारा.
माझी परसबाग मोरीच्या सांडपाण्यावर,
दोन खाटा लांब, दीड खाट रुंद.

गिलक्याचा वेल टेलिफोनच्या काळ्या वायरीवर चढलाय.
ह्यांनी नोकरीतून घरी काय आणलं, तर ती वायर.
खांबांवरून उतरवलेली, मेलेली, दोन वेटोळी.
"लोकांची लग्नं जमलीत हिच्यातून," म्हणाले होते,
"गिलक्यांचं ओझं काय घेऊन बसलीस."

मग गेल्या पोळ्याला हे पडले.
खांबावरून नाही. मोरीत.
चौतीस वर्षं खांब चढलेला माणूस,
मोरीत, आणि तेही अंगाला साबण लावून.
उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.
शब्द राहिले तीन:
हो, नाही,
आणि का कोण जाणे, मंगळवार.
पाणी हवं, मंगळवार. कूस बदल, मंगळवार.
खाट बुटक्या खिडकीला लावली,
तेवढाच वेल दिसेल म्हणून.

भाद्रपदातलं ऊन. अंबाडी दुपारी मान टाकते
आणि संध्याकाळी तांब्याभर पाण्यावर
काही झालंच नाही अशी उभी.
गवार खुडते, तिची लव मनगटाला चावत राहते.
चवळीवर काळा मावा.
आमच्याकडे गॅस, म्हणून राख जैतुनबीच्या चुलीतली,
बदल्यात भिंतीपलीकडे गेलेली गिलकी तिची.
वांग्याला अजून नुसतं जांभळं फूल,
भरिताच्या गोष्टी थंडीत.
डांगर एकच धरलं, ते संडासाच्या पत्र्यावर जाऊन बसलंय.
खाली जुन्या लुगड्याची चुंबळ दिलीय.
उतरवणार कोण, ते पुढचं पुढं.

पित्तरं लागली की गावाला मी आठवते.
इंदूबाई बऱ्हाटे, एरवी फाटकही न लोटणाऱ्या:
"दोन गिलकी दे वं, सासऱ्यांची तिथ आहे,
बाजारात हात लावू देत नाहीत."
सासरे होते तोवर गिलक्याला नाक मुरडायचे,
पण मेलेल्याच्या आवडीनिवडी
जिवंत माणसं ठरवतात.

मी उभी राहून बघते. पानंच पानं.
पिवळ्या फुलात एक भुंगा, पार माखलेला.
"संपली हो," म्हणते.
खिडकीतून आवाज: "मंगळवार."
डावा हात गजातून बाहेर, बोट वर.
इथं? नाही.
इथं? नाही.
इथं?
हो.
पानाआड, हिरव्यात हिरवं, हातभर लांब.
मग बोट सरकलं, आणखी एक. मग जोडी.
सात निघाली.
इंदूबाईंनी पदरात घेतली.
"कळतं हो त्यांना सगळं," जाताना म्हणाल्या,
हे तिथं नसल्यासारख्या.

सांजेला चादर बदलायची म्हणून ह्यांना खुर्चीत बसवलं
आणि कंबर धरली, तर तशीच
त्यांच्या जागी आडवी झाले, घटकाभर.
तेव्हा दिसलं.
खालून वेलाला आडोसाच नसतो.
देठं असतात, उजेड असतो,
आणि जे लोंबतंय ते सगळं लोंबताना दिसतं.
मी वर्षभर वरून चाचपत होते.

वायरीच्या पार गाठीशी एक होतं,
जून, पिवळं पडलेलं, पोटात जाळी धरलेलं.
रोज बघत असणार हे.
एकदाही बोट केलं नव्हतं.

"ते तोडू?"
"नाही."
"बियाला ठेवलंय?"

खुर्चीत हलले. तोंड जुळवत राहिले,
बाहेर केळीचा एक ट्रक जाईपर्यंत, दुसरा जाईपर्यंत.
मग जे आलं ते आलं.

"बरं," मी पडल्या पडल्या म्हटलं,
"मंगळवारीच काढू."
आणि उठून गवार निवडायला घेतली.