यजमान

बांबोळीहून घरी सोडताना
डॉक्टर मिनेझिसबाईंनी विचारलं, घरात जनावर आहे?
म्हटलं, आहे, मोरी.
त्यांचं पेन थांबलं.
न्हाणीतली नव्हे हो, मासळीतली. म्हणजे मांजरच,
पण मोरीसारखी राखाडी, म्हणून.

मग त्यांनी डिस्चार्जच्या कागदामागे एक गोल काढला,
गोलात दाटीवाटीने चंद्रकोरी.
हा टॉक्सोप्लाझ्मा. परजीवी.
मांजराच्या पोटात वाढतो, विष्ठेतून बाहेर येतो.
आणि ज्याच्यात जाऊन राहतो, तो यजमान.
मला हसू आलं.
तेहतीस वर्षं चारचौघांत मी ह्या माणसाला
दुसरं काही म्हटलेलंच नाही.

यजमानांच्या ओटीपोटात, उजवीकडे,
आता माझं मूत्रपिंड आहे.
परकं म्हणून त्याला कुणी हुसकू नये
यासाठी सकाळी आठला गोळ्या, रात्री आठला गोळ्या.
त्या आतल्या पहारेकऱ्याला गुंगी देतात.
पण पहारेकरी पेंगला की
दार लोटून आणखी कोण कोण येईल
हे गोळीला कुठे कळतं?

रायबंदरच्या धक्क्यावर शशिकलावन्स म्हणाल्या,
पोत्यात घाल नि पणजीच्या बाजारात सोड,
मासळी खाऊन सुखात राहील.
हे बोलले नाहीत. खारफुटीकडे बघत राहिले.
दिवाडीच्या ह्याच फेरीबोटींचं इंजिन सांभाळलं उभा जन्म,
कोण चढलं, कोण उतरलं,
कधी मान वर करून पाहिलं नाही.

मांजर काढा, असं बाई म्हणाल्याच नव्हत्या.
म्हणाल्या होत्या, घाण रोजच्या रोज काढा,
तुम्ही, त्यांनी नाही.
बाहेर पडल्यावर ते बीज पिकायला एक दिवस तरी लागतो,
त्याच्या आत.
हातमोजे. साबण. उंदरांमागे जाऊ देऊ नका.
शाकुती असली तर मटण पुरतं शिजू दे.
आणि माती. मातीत वर्षवर्ष तग धरतं ते,
मांजरापेक्षा मातीला भ्या.

म्हणून तांबड्या भाजीचा वाफा गेला.
म्हणजे वाफा आहे,
हे कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात,
हात मांडीवर, चुकार पोरासारखे,
आणि मी उकिडवी, रबरी मोजे चढवून,
टाका अजून ओढतो, तरी तण उपटते.
ते नव्हे, ते! ते रोप आहे गो!
एवढं तर इंजिनवरही ओरडले नसतील.
मोरी आता पडवीच्या जाळीआड,
तिथून दोघांवर नजर.

एक गोष्ट मी वन्संना सांगितली नाही.
द्यायच्या आधी माझंही रक्त तपासलं होतं.
बाई म्हणाल्या, तुमच्यात आहे. जुना आहे.
केव्हाचा?
कोण सांगणार. असेल लहानपणचा.
अर्धवट धुतलेला मुळा, अंगणातली चिखलभांडी,
शेणीच्या खोपटात व्यालेली कुणाची तरी मांजर.
चाळीस-पन्नास वर्षं गाठोडं करून
माझ्यात कुठेतरी निजलाय,
ना भाडं, ना आवाज.
मग माझ्याबरोबर तोही…?
मूत्रपिंडातून सहसा जात नाही, बाई म्हणाल्या,
सहसा,
आणि चिठ्ठीवर एक पांढरी जाड गोळी वाढवली.

वन्संना कळलं असतं तर
मला कुठल्या पोत्यात घातलं असतं?

रात्री यजमान डाव्या कुशीवर वळतात
तेव्हा माझा हात आपसूक तिथे जातो,
त्या फुगवट्यावर.
माझंच आहे, पण परक्याच्या घरी हात लावावा तसा
जपून लावते.
ते म्हणतात, झोप. ठीक आहे ते. आहेत सगळी.
सगळी म्हणजे कोण, मी विचारत नाही.

आठचा गजर होतो.
मी डबी उघडते, पाण्याचा पेला भरते.
मोरीला वाटतं गजर तिचाच,
जाळीला पंजे लावून उभी राहते.
बांगड्याची डोकी उकडून ठेवली आहेत.
आधी गोळ्या, तिला म्हणते,
थांब जरा, आधी ह्यांच्या गोळ्या.